जाम झालेला बी.बी. आणि उलटा आटा



सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'एकोणसत्तर' म्हटलं की ५९ की ६९, हे मला आजही बोटं मोजल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे या मराठी विभागात लिहायचं म्हणजे जरा धाडसच! पण विषय असा आहे की तो मला मराठीतच शिकवला गेला, तोही देवळीच्या बस स्टँडजवळच्या एका सायकल दुरुस्तीच्या टपरीत. मग इंग्रजी विभागात कशाला नेऊ?

विषय आहे सायकलचा जाम झालेला बी.बी. कसा काढायचा. हसू नका. आपल्या होस्टेलच्या स्टँडवर परवा मी सायकली मोजल्या. एकूण २३. त्यातल्या चालू फक्त ९. बाकीच्यांपैकी पाच-सहा सायकलींचं पायडल हाताने फिरवून पाहिलं तर 'कर्र' आवाज तरी, नाहीतर फिरतच नाही. दुखणं बहुतेकांचं एकच.

बाबांची ॲटलस

आमच्या घरी बाबांची काळी ॲटलस आहे. दांड्याची, पूर्ण चेन कव्हरवाली. याच दांड्यावर छोटी सीट बसवून बाबांनी मला पाच वर्षं शाळेत सोडलं. आई गमतीने म्हणते की तुझ्या कॉन्व्हेंटची निम्मी फी या सायकलने भरली, कारण बाबा ऑटोचे पैसे वाचवायचे. ॲटलस कंपनी सोनीपतला १९५१ साली सुरू झाली. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन! बातमी वाचून बाबा दिवसभर गप्प होते.

आणि या सायकलची वाट लावली ती मी. बारावीत असताना धाकट्या भावाच्या सायकलची सीट फाटली. मी बाबांच्या सायकलची सीट काढून त्याच्या सायकलला लावली. 'नंतर बसवू' म्हणून ॲटलस अंगणात कडुनिंबाखाली उभी करून ठेवली. बाबांकडे तोवर जुनी मोटरसायकल आली होती. दर मे महिन्यात ते म्हणायचे, "पावसाच्या आधी तिला आत घे, ग्रीस भरून घे." मी हो म्हणायचे. दोन पावसाळे गेले.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा भंगारवाला दारात. पायडल हलत नाही म्हणून बाबांनी सायकल द्यायचं ठरवलं होतं. चारशे रुपयांत. मला एकदम कसंतरी झालं. मी म्हटलं, "बाबा, मी मेकॅनिकलला आहे. सुट्टी संपायच्या आत चालू करून दाखवते. नाही झाली तर द्या." बाबा म्हणाले, "बघ." भंगारवाला आठ दिवसांनी येतो म्हणून गेला.

बी.बी. म्हणजे काय?

बी.बी. म्हणजे बॉटम ब्रॅकेट. सायकलच्या फ्रेमचे पाइप खाली जिथे एकत्र येतात तिथे एक आडवी, जाड, आखूड नळी असते. तिला आतून दोन्ही बाजूंनी आटे पाडलेले असतात. दोन्हीकडून एकेक पोलादी कप त्यात आटून बसतो. दोन कपांच्या मधून एक्सल जातो, आणि एक्सल व कप यांच्यामध्ये छर्रे असतात. आपल्या साध्या सायकलीत पाव इंची, प्रत्येक बाजूला अकरा. एक्सलच्या दोन टोकांना क्रँक, क्रँकला पायडल. क्रँक एक्सलवर पक्की राहावी म्हणून एका बाजूने उतार असलेली छोटी खीळ ठोकतात, ती कॉटर पिन.

उजवा कप (चेनकडचा) एकदा घट्ट बसवला की हलवायचा नसतो. डावा कप आतबाहेर करून छर्ऱ्यांचा ढिलेपणा जुळवायचा आणि वरून लॉक रिंग आवळायची. एवढीच रचना.

जाम का होतो?

कारण बी.बी. हा फ्रेममधला सगळ्यात खालचा भाग. सीटच्या पाइपातून येणारं पाणी शेवटी तिथेच जमतं. मी तर सीट दांड्यासकट काढली होती, म्हणजे पाइपाचं तोंड आभाळाकडे उघडं! दोन पावसाळे त्यात पाणी, कडुनिंबाचा पाला आणि आमची काळी माती. बी.बी.ची विहीर झाली होती.

लोखंड गंजतं तेव्हा होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आटे एकमेकांत इतके जवळ बसलेले असतात की गंजाला पसरायला जागाच नसते. मग तो पाचरीसारखा दोन्ही बाजूंना दाबतो. म्हणजे जाम झालेला आटा 'चिकटलेला' नसतो, तो आतून आवळलेला असतो. हे लक्षात आलं तर पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात.

माझे दोन दिवस वाया कसे गेले

पहिला दिवस कॉटर पिनांत गेला. मी नट पूर्ण काढून पिनेच्या टोकावर हातोडी मारली. डावी निघाली. उजवी वाकली. आणि एकदा पिन वाकली की ती ड्रिलनेच काढावी लागते. ते काम मिस्त्रीकाकांकडे करून घेतलं, वीस रुपये.

दुसऱ्या दिवशी लॉक रिंग आणि डावा कप. आधीच्या रात्री तेल सोडलं होतं, त्यामुळे छिन्नी-हातोडीने रिंग हलली, मग कपही निघाला. आतून आधी अर्धी वाटी तांबडं पाणी आणि मग गंजलेले छर्रे बाहेर पडले. मला वाटलं जिंकले!

राहिला उजवा कप. त्याच्या कडेला पाना धरायला दोन सपाट बाजू असतात, पण फार बारीक. मी पाना लावला, त्यात पाइप घातला, भावाला फ्रेमवर बसवलं आणि जोर लावला. डावीकडे फिरवलं की सुटतं हे लहान मूलही सांगेल. संध्याकाळपर्यंत सपाट बाजू गोल झाल्या, भावाने संप केला आणि कप केसभरही हलला नाही.

तिसऱ्या दिवशी फ्रेम खांद्यावर घेऊन पुन्हा मिस्त्रीकाकांकडे. त्यांनी कपाच्या सोललेल्या कडा पाहिल्या आणि विचारलं, "कोन्या बाजूनं फिरवला?" मी हाताने दाखवलं. ते हसायलाच लागले.

"अवो बाई, तू काढून नाही राहिली, तू त्याले कसून राहिली! उजव्या कपाले उलटा आटा रायते."

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. थ्रेड्सवर जर्नल लिहिलेलं, आकृत्या काढलेल्या, सह्या घेतलेल्या. 'लेफ्ट हँड थ्रेड' ही व्याख्या मला तोंडपाठ आहे. पण तो रोज पायाखाली असतो हे माहीत नव्हतं. "काहून उलटा?" असं मीही विचारलं. काका म्हणाले, "सरळ ठेवला तं चालता चालता सुटते." कारण त्यांना सांगता आलं नाही, पण नियम पक्का माहीत होता. मला उलट. म्हणून रात्री घरी बसून कारण शोधलं.

आटा उलटा का?

आधी मला वाटलं, पायडल पुढे मारताना एक्सल उजवीकडून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. घर्षणाने कपही त्याच दिशेने ओढला जाईल. मग साधा आटा तर आणखी कसला जाईल! उलट्या आट्याची गरजच काय?

आता एक प्रयोग करा. एक बांगडी टेबलावर ठेवा. तिच्यात एक जाड मार्कर उभा धरा, मार्करवर एका बाजूला खूण करा. मार्कर बांगडीच्या आतल्या कडेला टेकवून, घसरू न देता, घड्याळाच्या दिशेने कडेकडेने लोळवत न्या. खुणेकडे बघा. मार्कर स्वतःभोवती उलट दिशेने फिरतो!

कप म्हणजे हा मार्कर आणि फ्रेमची नळी म्हणजे बांगडी. कप कितीही घट्ट वाटला तरी आट्यांत केसाएवढी फट असतेच. छर्रे आतून कपाला दाबतात आणि एक्सल फिरला की दाबाची जागाही त्याच दिशेने सरकते. त्यामुळे कप नळीत अतिशय हळूहळू उलट दिशेने लोळत जातो. हिशेब सोपा आहे. कपाचा व्यास सुमारे ३४.८ मि.मी. आणि फट ०.१ मि.मी. धरा. दाब एक पूर्ण फेरी फिरला तर कप ०.१ भागिले ३४.८ गुणिले ३६०, म्हणजे साधारण १ अंश मागे जातो. प्रत्यक्षात कप कसलेला असतो, दाबही पूर्ण गोल फिरत नाही, म्हणून सरकणं याहून खूप कमी. पण एका किलोमीटरला पायडलच्या दीड-दोनशे फेऱ्या होतात. वर्षानुवर्षं चालवली की साधा आटा सुटणारच. म्हणून उजवीकडे उलटा आटा. डावीकडून पाहिलं तर हेच सगळं आरशातल्यासारखं होतं, म्हणून तिकडे साधा आटा चालतो.

लक्षात ठेवायला मी एक नियम केला आहे. पाना वर उभा धरा. कप काढायचा असेल तर, डावा असो की उजवा, पान्याचं वरचं टोक सायकलच्या पुढच्या चाकाकडे ढकला. पायडल क्रँकमधून काढायचं असेल तर दोन्ही बाजूंना मागच्या चाकाकडे. कप पुढे, पायडल मागे. एवढं पाठ केलं तरी या लेखाचं काम झालं.

(हे ब्रिटिश पद्धतीच्या आट्याला लागू, आणि आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या आटेवाल्या सायकली याच पद्धतीच्या. इटालियन पद्धतीत दोन्ही आटे सरळ असतात, पण तशी सायकल आपल्या स्टँडवर तरी मला दिसली नाही!)

आता काढायची रीत

१. चेन उतरवा. कॉटर पिनेचा नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे सैल करून नटाचा माथा पिनेच्या टोकाशी बरोबर आणा, म्हणजे टोक चेपत नाही. क्रँकखाली लोखंडी पाइपाचा तुकडा उभा टेकवा, पिनेचा जाड भाग पाइपाच्या पोकळीत येईल असा. मग एकच जोरदार घाव. दहा हलके घाव मारले की पिन वाकते. माझी तशीच वाकली.

२. फ्रेम आडवी करून आट्यांच्या कडेला आणि आतून तेल सोडा. गंज सोडवणारा स्प्रे मिळाला तर उत्तम. नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल. पण घाई नको. रोज दोनदा, तीन दिवस. तेल सोडल्यावर नळीवर बाहेरून हातोडीने हलकं ठोका, गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरतं.

३. डावी लॉक रिंग काढा, मग डावा कप. दोन्ही साधे आटे. एक्सल ओढून घ्या. छर्रे मोजून ठेवा, म्हणजे किती आणायचे ते कळतं.

४. उजवा कप. त्याच्या सपाट बाजू शाबूत असतील तर सगळ्यात चांगला उपाय बेंच व्हाइस. फ्रेम आडवी करून, उजवी बाजू खाली ठेवून, कपाच्या सपाट बाजू व्हाइसमध्ये गच्च पकडा. आता पाना फिरवायचाच नाही, अख्खी फ्रेम स्टिअरिंगसारखी फिरवायची! वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने. २५ सें.मी.च्या पान्याला २० किलोचा जोर लावला तर साधारण ५० न्यूटन मीटर मिळतात. फ्रेमचा हात अर्ध्या मीटरहून मोठा, दोन्ही हातांनी धरता येतो, आणि पाना निसटून बोटं फुटायची भीती नाही.

५. सपाट बाजू माझ्यासारख्या सोलून टाकल्या असतील तर बोल्टची युक्ती. ही मला काकांनी दाखवली आणि मला सगळ्यात जास्त आवडली. १६ मि.मी. जाडीचा, तीनेक इंच लांब बोल्ट घ्यायचा. आमचा बोल्ट भंगारातल्या जिनिंगच्या मशीनचा होता. बोल्टचं डोकं बाहेर, मध्ये वॉशर, आणि बोल्ट कपाच्या मधल्या भोकातून आत. आतून, म्हणजे डाव्या कपाच्या रिकाम्या जागेतून, दुसरा वॉशर आणि नट. नट बॉक्स पान्याने धरून ठेवायचा आणि बाहेरून बोल्ट कसत जायचं. कप दोन वॉशरमध्ये गच्च चिमटला जातो. त्यानंतरही बोल्ट कसतच राहायचं. आता गंमत बघा. बोल्टचा आटा साधा, म्हणून तो कसायची दिशा घड्याळाची. आणि कपाचा आटा उलटा, म्हणून तो सुटायची दिशासुद्धा घड्याळाचीच! जितका जोर लावू तितकी पकड वाढते आणि तोच जोर कप सोडवतो.

आमचा कप तरीही हलेना. मग काकांनी शेजारच्या ग्रिलवाल्याकडून गॅसचा टॉर्च आणला. तेल आधी फडक्याने कोरडं पुसून घेतलं, कारण तेलाला जाळ लागतो. नळी बाहेरून तापवली. पोलाद एका अंशाला लांबीच्या दहा लाखांत १२ भाग वाढतं. नळी कपापेक्षा १५० अंश जास्त तापली तर ३५ मि.मी. व्यासाला सुमारे ०.०६ मि.मी. वाढ. ऐकायला काहीच नाही, पण आवळलेल्या गंजाला तेवढं पुरतं. तापवायची फक्त नळी, आणि तीही झटपट. कपही तापला तर तोही फुगतो आणि फायदा जातो. (हा भाग होस्टेलच्या खोलीत करू नका. रेक्टर सरांनी वाचलं असेल तर त्यांनाही सांगते, मी केलेला नाही.)

मग काकांनी आधी बोल्ट थोडा उलट दिशेने, म्हणजे कप कसायच्या बाजूला, हलका ठोकला. त्याने गंजाची पकड मोडते म्हणे. मग पान्याला हातभर पाइप लावून मला म्हणाले, "आता तू कर." मी वरचं टोक पुढच्या चाकाच्या दिशेला ठेवून ओढलं. 'टक्' असा एकच आवाज आला. मला वाटलं बोल्ट तुटला. कप पाव फेरी फिरला होता.

परत जोडताना

नळीतले आटे तारेच्या ब्रशने साफ करा, डिझेलने धुवा. आट्यांनाही ग्रीस लावा. बहुतेक लोक छर्ऱ्यांना लावतात आणि आटे कोरडे ठेवतात, पण पुढच्या वेळी जाम होतात ते आटेच. नवे कप, एक्सल, छर्रे आणि कॉटर पिना मिळून मला दोनशेच्या आत पडलं. कंपनीचा कारखाना बंद झाला तरी हे भाग एकाच मापाचे असल्यामुळे देवळीतही मिळतात. दोन कॉटर पिना एकमेकींच्या उलट बाजूंनी घाला, नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत. डावा कप इतकाच आवळा की एक्सल बोटाने फिरावा पण हलू नये.

ज्यांच्या सायकली गिअरवाल्या आहेत त्यांच्यात बहुधा कॉटर नसतात आणि छर्रे बंद डब्यात असतात. त्याला क्रँक ओढायचा पुलर आणि खाचांचा वेगळा पाना लागतो. पण आट्यांची दिशा सहसा तीच. कप पुढे, पायडल मागे.

शेवटी

सहाव्या दिवशी संध्याकाळी बाबा कामावरून आले. त्यांनी सायकल स्टँडवर घेतली, पायडल एका बोटाने फिरवलं आणि कान लावून ऐकलं. मग विचारलं, "सीट कुठे आहे?" मी नवी बसवली होती, ती त्यांना दिसली नव्हती! आठव्या दिवशी भंगारवाला आला आणि रिकाम्या हाताने गेला. सुट्टी संपल्यावर मी ती सायकल चालवत वर्ध्याला आणली, सावंगीमार्गे सुमारे १८ किलोमीटर. बाबा सावंगीपर्यंत मोटरसायकलवर मागे मागे होते. म्हणाले, "ट्रॅफिकसाठी आलो." मला वाटतं ते बी.बी. ऐकायला आले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. स्टँडवर १४ सायकली बंद पडल्या आहेत. त्यातल्या काही माझ्यासारख्यांनी आळसाने मारलेल्या, काही सीनिअर्स सोडून गेलेल्या. आपल्या वर्कशॉपमध्ये बेंच व्हाइस आहेत, ड्रिल आहे, तारेचे ब्रश आहेत. मे महिन्याच्या आधी एक शनिवार वर्कशॉप उघडं मिळालं तर पावसाच्या आत त्यातल्या निम्म्या तरी चालू होतील. वर्कशॉपच्या सरांना माझी नम्र विनंती आहे. मेसच्या दोन मावशी रोज पहाटे चालत येतात, चालू झालेल्या बेवारस सायकलींवर पहिला हक्क त्यांचा असावा असं मला वाटतं.

तोपर्यंत एवढंच करा. सीट काढली असेल तर पाइपाच्या तोंडाला निदान प्लास्टिकची पिशवी बांधा. आणि घरचे 'ग्रीस भरून घे' म्हणाले की लगेच भरून घ्या.

मराठीच्या चुका पोटात घाला. आट्याची चूक मात्र करू नका!